अकरा बेचाळीस

“गुरुवारीच का?” अंगरूपने विचारलं.

आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मनालीच्या पलीकडे, लाहूलमधलं ते शेवटचं गाव, त्याच्या पुढे रस्ता संपतो आणि नुसते दगड सुरू होतात. खोलीच्या मधोमध पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं थेट छतातून बाहेर गेलेलं, आणि भोवती आम्ही चौघं: मी, आमचे टिळेकर काका, अंगरूप आणि त्याची बायको आंगमो. आंगमो बटाटे सोलत होती. जूनचा महिना, त्यामुळे साडेसात वाजले तरी बाहेर लख्ख उजेड होता.

“कारण सॅटेलाइट गुरुवारी येणार आहे,” मी म्हणाले. “सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी.”

“शुक्रवारी गेलं तर?”

“शुक्रवारी तो दुसरीकडे असेल.”

यात एकही शब्द खोटा नव्हता.

अंगरूप चार उन्हाळे आमच्या संस्थेच्या लोकांना हिमनदीवर घेऊन जात होता. तो हिंदी बोलायचा, पण टिळेकर काकांच्या संगतीने त्याने थोडं मराठीही उचललं होतं. सकाळी तंबूबाहेर येऊन “निघायचं का?” असं तो अस्सल सासवडच्या सुरात विचारायचा. त्याचं बाकीचं बोलणं मी इथे मराठीतच सांगते.

“चार दिवस झाले, रात्रीसुद्धा गोठत नाहीये,” तो म्हणाला. “वरचं बर्फ पार लगदा झालंय. गुरुवारी रात्री थंडी परत येईल. शुक्रवारी पहाटे चढू, नऊच्या आत खाली. नऊनंतर मी बर्फावर कुणाला ठेवत नाही, तुम्हाला माहितेय.”

“नाही चालणार, अंगरूप. तीन महिन्यांनी एकदा येतो तो. पुढच्या वेळी इथे नवं बर्फ पडलेलं असेल आणि डिसेंबरात माझी फेलोशिप संपते. गुरुवार गेला की माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण गेलं.”

आंगमोने सुरी थांबवली. “तो काय करतो वरून?”

मी तिला हौसेने सांगितलं. पाचशे किलोमीटर वरून तो हिरव्या उजेडाचे ठिपके खाली टाकतो, सेकंदाला दहा हजार. बर्फावर आपटून जो थोडासा उजेड परत जातो, त्याला जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून बर्फाची उंची काढतो. ती बरोबर आहे की नाही हे कुणीतरी खाली, त्याच ठिपक्यांच्या रेषेवरून चालून, तपासायला लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

“उजेड दिसतो?”

“नाही.”

“मग तुम्ही खाली उभ्या आहात हे त्याला कळतं?”

“नाही, त्यालाही नाही कळत.”

टिळेकर काका खो खो हसले. “अगं आंगमो, आमच्या केतकीला हजेरी लावायचीय तिथं. शाळेत कधी गैरहजर नव्हती ती, सवय जात न्हाई माणसाची.”

मी हसले नाही. काका माझ्याकडे बघत होते, मग त्यांनी मान खाली घालून चहाचा घोट घेतला. काका आमचे उपकरणांचे माणूस. संस्थेत तीस वर्षं काढलेली, गुडघे गेलेले, पण जीपीएसचं यंत्र नुसतं हातात घेऊन त्याची बॅटरी किती उरलीय ते सांगायचे. त्यांना सगळं कळत होतं. अंगरूपने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान डोलावली.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “गुरुवार.”

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि लोक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या चुका करतातच कशा, हे मला खरोखर कळायचं नाही.

गुरुवारी दहाला आम्ही बर्फावर पाय ठेवला. काका काठावरच्या खडकावर राहिले, तिथे आमचं स्थिर जीपीएस यंत्र मांडलेलं होतं. वॉकीटॉकी त्यांच्याकडे एक, माझ्याकडे एक. अंगरूपने नेहमीप्रमाणे खिशातून चिमूटभर सातूचं पीठ काढून वाऱ्यावर सोडलं, पुटपुटला आणि चालू लागला. त्याच्या हातात वाळुंजाच्या लाकडाची काठी होती, त्याच्या डोक्याहून वीतभर उंच. तो दर पावलाला ती बर्फात खुपसायचा आणि ऐकायचा. घट्ट असेल तर ठक वाजायचं.

माझ्या पाठीवर धातूचा सांगाडा, सांगाड्यावर दांडा, दांड्याच्या टोकाला जीपीएसचा अँटेना. आमच्या दोघांच्या कमरेला एकच दोर होता. अंगरूप काठीचं ऐकून डावीउजवीकडे वळायचा, आणि वळला की दोर मला हिसका द्यायचा. हिसका बसला की दांडा कलायचा. हातातल्या पडद्यावर उंची दोन सेंटिमीटर वर, दोन सेंटिमीटर खाली होताना मला दिसत होती.

पाऊण तास मी सहन केलं. मग म्हणाले, “दोर काढू या.”

“दोर नाही काढायचा.”

“सपाट आहे की सगळं. मी तुझ्या पावलांवरच पाय टाकते. या हिसक्यांनी आकडे खराब होतायत.”

“किती?”

“दोन सेंटिमीटर.”

त्याने अंगठा आणि बोट जवळ आणून मला दोन सेंटिमीटर दाखवले. “एवढे?”

“एवढे.”

तो हसला. मला वाटलं, मी जिंकले. त्याने दोर सोडला, नीट गुंडाळला आणि आपल्या पिशवीत ठेवला. त्याच्या पिशवीत, माझ्या नाही. त्यावर मी पुढे खूप विचार केला आहे.

अकरा तेहतीसला तो थांबला. पुढे बर्फात एक उथळ खोलगट पट्टा होता, दहा-बारा पावलं रुंद, आणि तिथला रंग जरा मळकट होता. मला तो दिसलाही नसता. अंगरूपने काठी खुपसली. ठक नाही वाजलं. भप्प असा आवाज आला, उशीत बोट घातल्यासारखा.

“इकडून नको. वर चला. तिथून वळसा घेऊ.”

“किती लांब?”

“वर शंभर पावलं, पलीकडे गेलो की परत शंभर.”

मी हातातल्या पडद्यावर पाहिलं. रेषा समोरून, त्या मळकट पट्ट्यावरून, सरळ जात होती. नऊ मिनिटं उरली होती. वळसा घेतला तर अकरा बेचाळीसला मी रेषेपासून शंभर पावलं दूर, कुठेतरी उतारावर धापा टाकत असणार होते.

“अंगरूप, रेषा सुटते.”

“सुटू दे. पलीकडून परत धरा.”

“नाही सुटू देता येत! सहा महिने मी या नऊ मिनिटांसाठी घासलेत.”

“मॅडमजी, खाली पोकळ आहे.”

मग मी ते वाक्य बोलले. आजही ते कानात जसंच्या तसं आहे, माझ्याच आवाजात, चिडलेलं. “तू जा वळशाने. मी सरळ जाते.”

आणि एक पाऊल टाकलं. खरंच पुढे गेले असते का, मला माहीत नाही. बहुधा नसते गेले. पण चार उन्हाळे ज्या माणसाने एकाही पाहुण्याला आपल्या पुढे पाय टाकू दिला नव्हता, त्याच्यासमोर मी ते पाऊल टाकलं.

त्याने हात आडवा घातला. “थांबा,” म्हणाला. “हळू.” हा शब्द मराठीत. मग तो माझ्या पुढे झाला आणि काठी टेकत त्या पट्ट्यावर गेला. पहिलं पाऊल. दुसरं. तिसऱ्याला तो मागे वळून काहीतरी सांगणार होता. चौथं पाऊल बसलं. पाचव्याला तो नव्हता.

आवाज फारसा झाला नाही. बर्फात दाराएवढं भोक पडलं होतं आणि आत निळं होतं.

मी पालथी पडून कडेपर्यंत सरपटत गेले आणि ओरडले. खूप ओरडले. खालून फक्त पाण्याचा आवाज येत होता. दोर त्याच्या पिशवीत होता. वॉकीटॉकीतून काका म्हणत होते, “केतकी, मागं सर. आधी मागं सर. मी येतोय. ऐकतेस का? मागं सर, पोरी.” गेलेल्या गुडघ्यांनी, राखीव दोर खांद्यावर घेऊन, आमच्या पावलांवर पाय टाकत ते एकटे बर्फावरून आले. पोचायला पाऊण तास लागला. तोवर मी तिथेच पडून हाका मारत होते.

दुसऱ्या दिवशी बचाव पथकाची माणसं आली. एक जण दोरावर बारा मीटर खाली गेला. पुढे भिंती इतक्या जवळ आल्या होत्या की छाती आत जाईना. त्याने विजेरी मारली तेव्हा खाली, आणखी पाच-सहा मीटरवर, अंगरूपचं लाल जाकीट दिसलं. त्याच्यावरून पाणी वाहत होतं आणि गोठत होतं. तिसऱ्या दिवशी ते लोक म्हणाले, याच्या पुढे गेलो तर आमचाच माणूस जीवानिशी जाईल. मग आम्ही सगळे खाली उतरलो.

आंगमो त्याच स्वयंपाकघरात बसली होती. गावातल्या बायका होत्या, त्या उठून बाहेर गेल्या. तिने आम्हाला चहा दिला. तिने चहा का दिला हे मला तेव्हा समजलं नाही; मी कप तसाच खाली ठेवला.

“तो किती खाली आहे?” तिने विचारलं.

“अठरा मीटर.”

“निघेल का?”

मी सांगितलं. त्या भागातलं बर्फ आता जवळजवळ जागचं हलत नाही. वरून नवं येत नाही, उन्हाळ्यात नुसतं वितळतं. वर्षाला अडीच-तीन मीटर. मी आकडे बोलत होते, कारण आकडे बोलताना माझा आवाज कापत नव्हता.

तिने मनात हिशेब केला असावा. मग माझ्याकडे सरळ बघून तिने विचारलं, “गुरुवारीच जायला हवं होतं ना?”

“हो,” मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि माझा गार झालेला कप उचलून नेला.

आम्ही जीपने मनालीच्या रस्त्याला लागलो. तीन तासांनी काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्या बाईला खरं सांगायला पायजे होतंस.”

“काय खरं?”

“तुला ठाऊक आहे काय ते. मला पण ठाऊक होतं. मी चहा पीत बसलो, म्हणून मी तुला जास्त बोलू शकत नाही.”

ते खरं असं की गुरुवारीच जायला नको होतं. बर्फाची उंची एका दिवसात बदलून बदलणार किती? दोन-चार बोटं. किती वितळलं ते खुंटी रोवून मोजता येतं, तेवढं वजा करायचं. सॅटेलाइट गुरुवारी जाऊ दे, त्याच रेषेवरून शुक्रवारी पहाटे चालून आलं असतं तरी माझं शेवटचं प्रकरण अक्षरशः तेच झालं असतं. जगभरचे लोक असंच करतात. दोन दिवस आधी, चार दिवस नंतर. हे मला स्वयंपाकघरात बसल्या जागी पक्कं माहीत होतं. मला फक्त तो वरून जाताना बरोब्बर खाली उभं राहायचं होतं. ती सगळी हिमनदी तो अर्ध्या सेकंदात ओलांडतो. त्या अर्ध्या सेकंदात मला तिथे असायचं होतं आणि शोधनिबंधात ‘एकाच वेळी’ असं लिहायचं होतं.

तसं मी लिहिलंही. कारण अकरा बेचाळीसला मी खरोखरच रेषेवर होते. त्या दिवसाच्या नोंदीत अकरा अडतीसला अँटेना एकदम मीटरभर खाली आलेला दिसतो, तिथे मी पालथी पडले आहे. तेवढा भाग दुरुस्त करून घेतला. वरचा आकडा आणि खालचा आकडा यांत चार सेंटिमीटरांचा फरक निघाला. फार चांगला समजला जातो. पुढच्या तीनशे मीटरची नोंद नव्हती, तिथे मी ‘भूभागाच्या अडचणीमुळे’ असं टाकलं. लोकांनी अभिनंदन केलं. मला डॉक्टरेट मिळाली, नोकरी मिळाली, आणि मी पुन्हा कधी बर्फावर गेले नाही.

पहिल्या ऑक्टोबरात, बटाटे काढून झाल्यावर, आंगमोचा फोन आला. “मॅडमजी, कितना रह गया?”

मला क्षणभर कळेना. मग कळलं. मी म्हणाले, दोन दिवसांनी सांगते. सॅटेलाइटचे त्या उन्हाळ्यानंतरचे आकडे उतरवून घेतले. त्याची रेषा दर वेळी नेमकी तीच नसते, पण आजूबाजूने जाते. चारी बाजूंचे ठिपके धरून त्या एका जागेची उंची काढता येते. मी ती काढली. त्याच्यावर उरलेलं बर्फ पंधरा मीटर साठ. तिला फोन करून सांगितलं. तिने “अच्छा” म्हटलं, आणि तरी फोन ठेवला नाही. मग मीच “काळजी घ्या” असं काहीतरी बोलून फोन बंद केला.

दर ऑक्टोबरात असंच. तेरा मीटर. साडेदहा. पावणेआठ. इतर माणसं बर्फ वितळतंय म्हणून हळहळायची, मी व्यासपीठावरून तशी भाषणंही करायचे, आणि घरी येऊन त्या एका ठिपक्यापाशी मात्र म्हणायचे की वितळ, अजून वितळ. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. दर वेळी आकडा ऐकल्यावर आंगमो “अच्छा” म्हणायची आणि थांबायची. मला वाटायचं, तिला रडू येत असेल. दर वेळी मीच फोन ठेवायचे.

सहाव्या वर्षी फोन ऑगस्टमध्येच आला. या वेळी तिने किती राहिलं ते विचारलं नाही. “काठी मिळाली,” म्हणाली. “मेंढ्या घेऊन गेलेल्या लोकांना. बर्फातून उभी बाहेर आलीय, हातभर.”

मी काकांना सासवडला फोन केला. ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. “जा,” म्हणाले. “आणि या टायमाला आकडे सांगत बसू नकोस.”

स्वयंपाकघर तेच होतं. शेगडी नवी होती. आंगमोच्या केसांत पांढरं आलं होतं. काठी तिने आणली नव्हती. तिथेच राहू द्या, जागा कळेल, असं तिने मेंढपाळांना सांगितलं होतं. ती वाटाणे सोलत होती. मी समोर बसले आणि तिने चहा ओतायच्या आत बोलून टाकलं, कारण चहा हातात आला असता तर मी पुन्हा गप्प बसले असते.

“गुरुवारीच जायला नको होतं. शुक्रवारी चाललं असतं. मला माहीत होतं. तो म्हणाला तसं शुक्रवारी पहाटे गेलो असतो तर काहीही बिघडलं नसतं. दोरही मीच काढायला लावला. आणि तो वळसा घ्या म्हणत होता, मी ऐकलं नाही. मी तुम्हाला इथे बसून खोटं सांगितलं.”

मी रडत होते. ती रडत नव्हती. तिने एक शेंग फोडली, दाणे भांड्यात सोडले.

“त्याने मला सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“गुरुवार ठरला त्याच संध्याकाळी. काकांनी तुमच्यामागे त्याला बाहेर, सामान बांधताना सांगितलं की शुक्रवारीही चालतं. मी म्हटलं, मग जाऊ नको. तो हसायला लागला. म्हणाला, मॅडमजी एवढ्या लांबून आल्यात, त्यांना ते वरून जाईल तेव्हा खाली उभं राहायचंय. हौस आहे. राहू दे उभं, मी आहे ना बरोबर.”

ते दोन सेंटिमीटर दाखवताना तो का हसला होता, ते मला सहा वर्षांनी कळलं.

“म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं,” मी म्हणाले. “मग दर वर्षी फोन...”

“बर्फ किती उरलं ते मला इथून दिसतं, मॅडमजी. मेंढपाळ सांगतात. त्यासाठी पुण्याला फोन कशाला लावू?” तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता असं मी म्हणणार नाही. “तुम्ही सांगाल म्हणून थांबायचे. तुम्ही आकडा सांगून फोन ठेवायचात.”

तिने चहा ओतला. या वेळी मी तो प्यायले, गरम असतानाच. खिडकीतून वरचा डोंगर दिसत होता, हिमनदी पार मागे सरकली होती आणि जिथे आमचा तंबू होता त्याच्याही वर आता काळे दगड होते. बचाव पथकाची माणसं रात्रीपर्यंत येणार होती. मी म्हणाले, “उद्या पहाटेच निघू या.”

आंगमो उठली, दारापर्यंत गेली आणि बाहेर हात काढून तिने हवा पाहिली.

“उद्या नको,” ती म्हणाली. “अजून ऊब आहे, रात्री गोठणार नाही. उद्या रात्री थंडी पडेल. परवा पहाटे चढू, नऊच्या आत खाली.” मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, “परवा चालतं ना?”

“चालतं,” मी म्हणाले.